दशांशानंतरचे सात आकडे

जूनच्या मध्यावर पाऊस आज येईल, उद्या येईल म्हणत हवा नुसती जड होऊन बसते, कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या कैरीच्या लोणच्याचा, मोहरीच्या डाळीचा आणि हिंगाचा वास जिन्यात अडकून राहतो, आणि त्या दिवसांत आमच्या इमारतीतलं बोलणंच बदलतं. एरवी पाणी कधी येणार आणि गाडी कुणी आडवी लावली यांवर चालणाऱ्या गप्पा शिफ्ट, कटऑफ, कॅप राउंड यांच्यावर येऊन थांबतात. वरच्या मजल्यावरच्या मुलाचा सीईटीचा निकाल लागला तेव्हा त्याचे वडील चष्मा कपाळावर सरकवून, मोबाइल हातभर लांब धरून आकडा वाचत होते: त्र्याण्णव पॉइंट चार, एक, सात, शून्य, दोन, नऊ, तीन. शेवटचा तीन त्यांनी सुरुवातीच्या त्र्याण्णवइतक्याच आदराने उच्चारला. मुलगा कठड्याला टेकून उभा होता आणि एका पायातली चप्पल उगाचच काढत-घालत होता.

संख्याशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी सरली, त्यामुळे असे मोबाइल फिरत फिरत शेवटी माझ्या दाराशी येतात. "मॅडम, जरा बघता का, यात काहीतरी गडबड वाटते," असं म्हणत ते आत आले. गडबड अशी की फिजिक्समध्ये नव्वद, केमिस्ट्रीत नव्वद, गणितातही नव्वदच्याच आसपास, आणि सगळं मिळून मात्र त्र्याण्णव. तीन नव्वदांची सरासरी त्र्याण्णव कशी येईल? प्रश्न अगदी रास्त होता. वर्गात मुलांनी तो विचारावा म्हणून मी वर्षानुवर्षं वाट पाहिली आहे. त्यांना म्हटलं, फिजिक्समध्ये जी दहा टक्के मुलं याच्या पुढे आहेत, तीच गणितातही पुढे असतील असं नाही. कुणी फिजिक्सात चमकला आणि केमिस्ट्रीत आपटला, कुणाचं गणित उत्तम आणि बाकीचं बेताचं. तिन्ही ठिकाणी सारखा पाय रोवून उभी राहणारी मुलं थोडी, म्हणून एकूण गुणांची रांग लावली की हा आपोआप दोन-चार पावलं पुढे सरकतो. गुणांची बेरीज करता येते, जागांची करता येत नाही. त्यांनी मान हलवली, पण त्यांना पटलं ते मुलगा पुढे सरकला एवढंच, आणि तेही काही कमी नव्हतं.

ते गेल्यावर मी त्या सात आकड्यांचा विचार करत बसले. पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या शिफ्टमधल्या दर शंभरांत तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण मिळवणारे किती, एवढीच साधी गोष्ट. एका शिफ्टला समजा वीस हजारांच्या आसपास मुलं बसली, तर त्यांतला एक मुलगा म्हणजे ०.००५. कुणी एका जागेने पुढे-मागे झालं की हालचाल तिसऱ्या दशांश स्थळावर होते. त्यापलीकडचे आकडे भागाकार लांबत गेला म्हणून आलेले, त्यांच्यात कुणी मुलगा नसतो. ते ठेवण्याला व्यवहाराचं कारण आहे. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकेवर बसलेली मुलं एकाच यादीत ओवायची तर बरोबऱ्या जितक्या कमी तितक्या बऱ्या, आणि लांब आकडा त्या कामी येतो. हे कारण मला मान्य आहे. तरीही ते अंक पाहताना वाटत राहतं की मंडईतली वांगी कुणीतरी सोनाराच्या काट्यावर तोलून दिली आहेत, आणि वजन गुंजेपर्यंत सांगितल्यामुळे वांग्यांनाच काही निराळं मोल आल्यासारखं आपण ती जपून घरी आणतो आहोत.

आमच्या वेळी असं नव्हतं, असं म्हणण्याचा मोह या वयात होतो. आमच्या वेळीही होतंच. बोर्डात आलेल्या मुलांचे फोटो वर्तमानपत्रात छापून यायचे, आई पेढा भरवते आहे आणि मुलगा कॅमेऱ्याकडे बघावं की पेढ्याकडे या संभ्रमात, असे ते धुरकट कृष्णधवल चेहरे. चौथीच्या स्कॉलरशिपची तयारी करणाऱ्या मुलांना शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायचे आणि बाकीच्यांनी दप्तरं उचलून घरी जायचं. न थांबलेल्यांच्या पाठीवर ती दुपार बराच काळ राहिली असेल. आणि त्याच्याही आधी, आपल्याकडे एका माणसाच्या नावाला परीक्षेतली जागा कायमची चिकटली होती. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत सर्वप्रथम आले, आणखी एकाच्या बरोबरीने. पुढे ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले, मंत्री झाले, पण महाराष्ट्राच्या तोंडी अखेरपर्यंत रँग्लर परांजपेच. केंब्रिजने १९०९ नंतर रँग्लरांचा, म्हणजे या परीक्षेत पहिल्या वर्गात आलेल्यांचा, क्रम जाहीर करणं सोडून दिलं. क्रमासाठी होणारी घोकंपट्टी गणिताच्याच मुळावर येते, अशी तिथल्याच काही गणित्यांची तक्रार होती. तिकडे यादी बंद झाली, इकडे पदवी नावापुढे राहिली, आणि ती उच्चारताना आपल्या आजोबांच्या पिढीची छाती जी फुगायची, तिला हसण्याचं मला धाडस नाही. परकीयांच्या राज्यात, परकीयांच्या मोजपट्टीवर पहिला आलेला आपला माणूस होता तो.

याच केंब्रिजच्या गुणांचं फ्रान्सिस गाल्टनला मोठं कुतूहल. १८६९ च्या त्याच्या पुस्तकात त्याने दाखवून दिलं की एका वर्षी पहिल्या आलेल्याला साडेसात हजारांच्या वर गुण होते, दुसऱ्याला जेमतेम चार हजारांच्या पुढे आणि यादीच्या तळाशी असलेल्याला तीनशेच्याही आत. पहिला आणि दुसरा यांच्यात एका जागेचं अंतर, आणि त्या एका जागेत साडेतीन हजार गुण मावलेले. गाल्टन माणूस म्हणून मला कधीच आवडला नाही. माणसांची उत्तम पैदास करण्याच्या ज्या कल्पना त्याने मांडल्या त्यांनी पुढच्या शतकात फार लोकांचे हाल केले. पण जागा आणि अंतर या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत हे त्याने इतकं ठसठशीत दाखवलं की वर्गात त्याचं नाव घेतल्यावाचून मला कधी पुढे जाता आलं नाही.

आपल्या आजच्या आकड्यांतही हेच आहे, फक्त उलट्या अंगाने. दोनशे गुणांची परीक्षा, सरासरी शंभर आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप, तीस असं धरून चालू, आणि गुण घंटेच्या आकाराच्या वक्रासारखे पसरले आहेत असंही धरू. खऱ्या प्रवेश परीक्षांत ते इतके शहाण्यासारखे पसरत नाहीत, खालच्या बाजूला गर्दी करतात, पण हिशेबापुरतं चालेल. अशा परीक्षेत पन्नासवरून पंचावन्न पर्सेंटाइलला जायला चारेक गुण पुरतात. चौऱ्याण्णववरून नव्याण्णवला जायचं तर मात्र तेवीस गुण लागतात. पाच म्हणजे पाचच, असं म्हणणाऱ्या बापाला हे सांगणं कठीण जातं. मधोमध मुलं खांद्याला खांदा लावून उभी असतात, तिथे एक ढुशी लागली तरी शेकडो जण मागे पडतात. कडेला विरळ वस्ती, तिथे कितीही चाललं तरी पुढचं घर येत नाही.

हा घंटेचा वक्र शाळेत कधी शिरला याची गोष्ट मला फार आवडते, कारण तो मुळात मुलांसाठी जन्मलाच नव्हता. लंडनमध्ये शिकवण्या करून आणि जुगाऱ्यांना सल्ले देऊन पोट भरणारा फ्रेंच निर्वासित अब्राहम द म्वाव्र याला १७३३ साली नाणेफेकीचे हिशेब करताना तो सापडला. मग गाउस आणि लाप्लास यांच्या काळात तो आकाशात गेला. तारा एक, पण त्याचं स्थान मोजणारे डोळे अनेक, यंत्रं अनेक, रात्री अनेक; प्रत्येक मोजणी थोडी इकडे, थोडी तिकडे. या सगळ्या चुका खऱ्या स्थानाभोवती ज्या आकारात साचतात तो हा वक्र. त्याला चुकांचा वक्रच म्हणत. तिथे मधोमध खरोखरच काहीतरी होतं. तारा होता.

पुढे ब्रुसेल्सच्या वेधशाळेतल्या अडोल्फ केतले यांनी तोच वक्र आकाशातून खाली उतरवला आणि माणसांवर ठेवला. ५,७३८ स्कॉटिश शिपायांच्या छातीची मापं त्यांनी मांडली. सरासरी चाळीस इंचांच्या जवळपास, आणि दोन्ही बाजूंना उतरत गेलेली तीच घंटा. केतले हरखून गेले. निसर्गाला जणू एकच शिपाई घडवायचा होता, चाळीस इंची छातीचा, आणि बाकीचे म्हणजे त्याच्या हुकलेल्या खेपा. सरासरीचा माणूस ही त्यांची लाडकी कल्पना. या जागी मी शिकवताना नेहमी अडखळायचे, आणि मुलांना वाटायचं मॅडम विसरल्या. ताऱ्याभोवती पसरलेल्या मोजण्या या चुका होत्या हे खरं. पण अडतीस इंची छातीचा शिपाई ही कुणाची चूक? तो आपल्या घरी आपल्या आईचा अडतीस इंची मुलगाच असणार ना. वक्राचा आकार तोच राहिला, अर्थ मात्र बदलून गेला, आणि तो बदलला हे फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. शाळेतल्या परीक्षांना पुढे जो वक्र मिळाला तो केतले यांच्या हातून आलेला. मधोमध एक सरासरीचं मूल, आणि बाकीची त्याच्यापासून ढळलेली.

पण तोच वक्र त्याच्या मूळ जागी परत नेणाराही एक निघाला, आणि त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. फ्रान्सिस एजवर्थ, आयर्लंडचा, अर्थशास्त्री, अवघड लिहिणारा. १८८८ साली त्याने परीक्षांच्या संख्याशास्त्रावर एक निबंध लिहिला. लॅटिन गद्याचा एकच तुकडा अनेक जाणत्या परीक्षकांनी तपासला तर गुण किती निरनिराळे पडतात ते त्याने पाहिलं, आणि मग उत्तरपत्रिका हा जणू तारा झाला आणि परीक्षक म्हणजे दुर्बिणी. प्रत्येक गुण ही एक मोजणी, आणि तिच्यात चूक असणारच, जशी खगोलशास्त्रज्ञाच्या मोजणीत असते. दोन वर्षांनी त्याने स्पर्धा परीक्षांमधल्या दैवाच्या वाट्यावर लिहिलं. म्हणजे वक्राचे दोन अर्थ आता शेजारी शेजारी आले होते. एक, अनेक मुलं एका सरासरीभोवती कशी पसरतात. दुसरा, एकच मूल स्वतःभोवतीच कसं पसरतं. गुणपत्रिकेवर आपण पहिला छापतो. दुसऱ्यासाठी तिथे रकाना नसतो, आणि इतक्या वर्षांत तो असावा अशी मागणी कुणी केलेली माझ्या ऐकिवात नाही.

एजवर्थ वाचायच्या कितीतरी आधी मला हे मावशीकडे दिसलं होतं. ती हायस्कुलात मराठी शिकवायची आणि उन्हाळ्यात तिच्याकडे बोर्डाचे पेपर तपासायला यायचे. दुपारची वेळ, खिडकीला ओला पंचा बांधलेला, पंखा नको म्हणून बंद, कारण कागद उडायचे, आणि सतरंजीवर गठ्ठे. आम्ही मुलांनी त्या खोलीत जायचं नाही असा दंडक होता, पण पाणी द्यायला मी जायचे. दर काही पेपरांनंतर ती आधी तपासलेल्यांतला एक निबंध काढून पुन्हा वाचायची, गुण झाकून. मग हात काढून बघायची. कधी एका गुणाचा फरक, कधी तीनांचा. "सकाळचा हात वेगळा, दुपारचा वेगळा," असं म्हणून ती उठायची, तोंडावर पाणी मारायची, आणि जेवणाआधी गठ्ठा सोडायला बसायची नाही. भुकेल्या पोटी माणूस कंजूष होतो असं तिचं मत होतं. मॉडरेटरकडे गठ्ठे जायचे, तिथेही गुण हलायचे. अमेरिकेत १९१२-१३ च्या सुमारास स्टार्च आणि एलियट या दोघांनी एकच भूमितीचा पेपर शंभरांहून अधिक शिक्षकांना तपासायला दिला, तेव्हा कुणी त्याला शंभरांत तिसाच्या आत गुण दिले आणि कुणी नव्वदच्या वर. निबंधाचं सोडा, भूमितीचा! मावशीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, त्या बायांना कुणी जेवायला घालत नव्हतं.

पर्याय निवडायच्या परीक्षा आल्या त्या या दुखण्यावरचा उतारा म्हणून. यंत्राला भूक लागत नाही. कुणाचं अक्षर गिचमिड आहे, कुणाचं आडनाव काय आहे, हे त्याला दिसत नाही, आणि या गोष्टीचं मोल ज्यांना आडनावाने कधी छळलं नाही त्यांना कळायचं नाही. मी या परीक्षांच्या विरोधात नाही, असं म्हटलं की माझ्या साहित्यिक मैत्रिणींना वाईट वाटतं. पण चूक गेली असं मात्र झालं नाही. ती तपासणाऱ्याकडून निघाली आणि सोडवणाऱ्याकडे राहायला गेली. सीईटीला गणिताचे पन्नास प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, चुकलं तरी कापत नाहीत. एखाद्याला तीस प्रश्न पक्के येतात आणि उरलेल्या वीसांवर तो चारांतला एक पर्याय डोळे मिटून निवडतो असं समजू. सरासरीने पाच बरोबर येतील, पण दोन इकडे की दोन तिकडे हा अगदी रोजचा खेळ, म्हणजे चार गुण. आणि मघाच्या हिशेबात, गर्दीच्या मधोमध, चार गुण म्हणजे पाच पर्सेंटाइल. हे फक्त अंदाजाने टिक करण्याचं झालं. आदल्या रात्रीची झोप, सेंटर गाठताना चुकलेली बस, वाचलेल्या चाळीस प्रकरणांतून नेमकं कोणतं विचारलं गेलं, हे सगळं त्यात धरलेलंच नाही.

याचा हिशेब संख्याशास्त्राकडे आहे, आणि तो अवघडही नाही. परीक्षा पुन्हा पुन्हा घेतली तर गुण कितपत जुळतात याला विश्वासार्हता म्हणतात. चांगल्या परीक्षेत ती ०.९ पर्यंत जाते. तीस विचलनाच्या आपल्या कल्पित परीक्षेत तेवढी विश्वासार्हता असली तरी एका मुलाचे गुण स्वतःभोवती साडेनऊ गुणांनी हेलकावत असतात, दोन्ही बाजूंना, आणि हीसुद्धा तीन वेळांतून दोनदाचीच हमी. वरच्या मजल्यावरच्या मुलावर हे लावलं तर त्याचा आकडा अठ्ठ्याऐंशीपासून शहाण्णवपर्यंत कुठेही पडू शकला असता, त्याच्या अभ्यासात काडीचाही फरक न होता. म्हणजे सातव्या दशांशाचं जाऊ दे, त्र्याण्णवमधला नऊसुद्धा धडपणे उभा नाही. वडिलांना मी हे सांगितलं नाही. प्रवेशाचा अर्ज भरायचा होता, आणि अर्जात आकड्याला एकच चौकट होती.

कधीकधी मनात येतं, की तिथे आकड्याऐवजी एक पट्टा छापला तर? या मुलाची जागा इथपासून इथपर्यंत. मग लगेच पुढचं दिसतं: पट्ट्यावर जागा वाटायच्या कशा? कॉलेजात जागा साठ, पट्ट्यात मुलं सहाशे. चिठ्ठ्या टाकायच्या? चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर आमच्या इमारतीत मोर्चा निघाला असता, आणि मीही बहुधा त्यात असते. आज तरी काय होतं? पर्सेंटाइल सारखा आला की आधी गणिताचा बघतात, मग पुढचा विषय. काही परीक्षांनी तर अखेर जन्मतारीख पाहून वयाने मोठा तो पुढे, असंही ठरवलेलं होतं. तीही एक चिठ्ठीच, फक्त आईने फार वर्षांपूर्वी टाकलेली. दोनदा बसू द्यावं, जेईईला देतात तसं, हा मला त्यातल्या त्यात बरा मार्ग वाटतो, पण दोहोंतला चांगला आकडा धरला की दैवाची चांगली बाजू तेवढी धरली जाते, आणि ज्याला दुसऱ्यांदा बसायचं भाडं परवडत नाही तो तिथेही मागेच.

रांगा जुळवण्याची ही हौस कुठे कुठे जाते! २००८ साली अकरावीच्या प्रवेशासाठी निरनिराळ्या बोर्डांची मुलं एका पातळीवर आणायची म्हणून सरकारने पर्सेंटाइलचं सूत्र आणलं, आणि उच्च न्यायालयाने ते त्याच वर्षी रद्द केलं. पुढच्या वर्षीचा, राज्य बोर्डाला नव्वद आणि बाकीच्यांना दहा टक्के जागांचा कोटाही टिकला नाही. त्या पावसाळ्यात स्टाफरूममध्ये कधी नव्हे ते आमच्या विषयाला महत्त्व आलं होतं, आणि केमिस्ट्रीचे लोक येऊन आम्हाला चहा पाजत होते. अमेरिकेतली गोष्ट याहून मजेची. वेस्ट व्हर्जिनियातल्या जॉन कॅनेल नावाच्या डॉक्टरला शंका आली, की आपल्या गरीब राज्यातली मुलंसुद्धा राष्ट्रीय सरासरीच्या वर कशी? १९८७ साली त्याने चौकशी करून प्रसिद्ध केलं की प्राथमिक शाळांच्या प्रमाणित चाचण्यांत पन्नासही राज्यं स्वतःला सरासरीच्या वर सांगत आहेत. रेडिओवरच्या एका लोकप्रिय कार्यक्रमात लेक वोबेगॉन नावाचं काल्पनिक गाव होतं, जिथली सगळी मुलं सरासरीहून सरस. त्या गावाचं नाव या प्रकाराला कायमचं पडलं. यात जादू काही नव्हती. सरासरी ठरवली होती बऱ्याच वर्षांपूर्वीच्या मुलांवरून, आणि तीच चाचणी दरवर्षी वापरून शिक्षकांना ती पाठ झाली होती. सगळेच्या सगळे पुढे, आणि मागे उभी असलेली रांग केव्हाच शाळा सोडून गेलेली.

अशा वेळी मला 'असर'ची पाहणी आठवते. मुंबईच्या वस्त्यांत कामाला सुरुवात केलेल्या प्रथम या संस्थेने २००५ पासून ती सुरू केली. कार्यकर्ते गावात जातात, घरोघरी, आणि मुलासमोर एक कागद धरतात. अक्षरं, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात हातच्याची वजाबाकी आणि एक भागाकार. वाचता येतं किंवा येत नाही. दुसऱ्या कुणाला किती आलं याच्याशी त्या मुलाचा संबंध नाही. पाचवीतली निम्म्याच्या आसपास मुलं दुसरीची गोष्ट वाचू शकत नाहीत, हे देशाला या एका कागदाने सांगितलं, आणि ते कोणत्याही पर्सेंटाइलने सांगता आलं नसतं, कारण सगळेच मागे असले तरी रांगेत कुणीतरी नव्याण्णवावा असतोच.

निवृत्त झाल्यावर एकदा जुन्नरकडच्या एका गावात मी अशा कार्यकर्त्यांबरोबर हिंडले. शेणाने सारवलेल्या ओट्यावर एक चौथीतली मुलगी बसली होती. वेणी अर्धी घातलेली, कारण घालणारी आजी मध्येच आम्हाला पाणी द्यायला उठली होती. मुलीने गोष्ट वाचली. एका जोडाक्षरापाशी थांबली, बोट त्याच्यावर ठेवलं, ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिलं आणि पुढे गेली. कार्यकर्तीने खूण केली. आजी दारातून बघत होती.

"पास झाली का?"

"यात पास-नापास नसतं, आजी. तिला गोष्ट वाचता येते, एवढंच लिहायचं."

"मग किती मार्क पडले?"

"मार्क पण नसतात."

आजी क्षणभर गप्प राहिली, मग पदर सावरून खाली बसली. "बरं, त्या शेजारच्या पोराला येतंय का वाचायला?"

कार्यकर्ती हसली. शेजारचं घर यादीत नव्हतं. मधली घरं सोडून पाचवं पाचवं घर घ्यायचं असतं, कारण पाहणी जिल्ह्याची असते, पोराची नसते. हे तिने फार नीट, न कंटाळता समजावलं, मला शिकवता आलं असतं त्याहून चांगलं. आजीने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी आमच्या पोरीला लावून कुणाशी बघणार?"

"कुणाशीच नाही, आजी."

हे काही तिला पटलं नाही. तिने मुलीची अर्धी वेणी हातात घेतली, पुन्हा सोडली, आणि कुंपणाकडे तोंड करून शेजारच्या पोराला हाक मारली, येताना चष्मा घेऊन ये म्हणून.